शंभर फुटांवरून सुरुवात

(दृश्य : सांगली, शंभर फुटी रस्ता. पहाटेचे पावणेसहा. दुकानांची शटर बंद.)

ज्या रस्त्याला अख्खी सांगली 'शंभर फुटी' म्हणते, त्याच्या एका कडेला एक तांबूस गावठी कुत्रा उभा आहे. नाव खंड्या. पलीकडच्या कडेला, बंद टपरीजवळ, एक काळी कुत्री जमीन हुंगत चाललीय. नावाप्रमाणे धरलं तर दोघांत तीस मीटर.

खंड्याच्या तोंडाकडे बघा. इतका वेळ जीभ बाहेर होती. काळी कुत्री दिसली आणि तोंड मिटलं. कान पुढे आले, अंगाचा भार पुढच्या पायांवर गेला, शेपूट ताठ झालं. एक सेकंद. दोन. मालकिणीने चिकनचा तुकडा नाकाशी नेला. त्याने तो घेतला, गिळला, आणि तोंड पुन्हा उघडलं.

कुत्री दिसली, तरी घास पोटात गेला. पुढचं सगळं काम, म्हणजे खंड्याच्या मनातली दुसऱ्या कुत्र्यांची भीती कमी करणं, एवढ्यावर उभं आहे.

(दृश्य : खंड्याचा डावा खांदा. व्रणावर पांढरे केस.)

चार महिन्यांपूर्वी दोन कुत्र्यांनी मिळून त्याला खाली पाडलं होतं. जखम तीन आठवड्यांत भरली. पण तेव्हापासून कुठलंही कुत्रं दिसलं, अगदी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला का असेना, की हा दोरी ताणून भुंकत सुटायचा. असं कुत्रं बघून लोक म्हणतात, माजलंय. ते माजलेलं नसतं, भ्यालेलं असतं.

हल्ल्यानंतर पहिलं काम शिकवण्याचं नाही, जखमेचं. सुळ्याचं भोक बाहेरून तुरीच्या दाण्याएवढं दिसतं. पण कुत्र्याची कातडी सैल असते. समोरचा धरून हिसडतो तेव्हा कातडीखालचं मांस आतल्या आत फाटतं. वरचं भोक मिटून जातं आणि आत पू धरतो. म्हणून केस बाजूला सारून सगळं अंग चाचपायचं. मान, काखा, जांघा, पोट. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे हात पहिला हळदीच्या डब्याकडे जातो. तिखट आणि चुना लावणारेही आहेत. चाव्याच्या भोकात यातलं काहीही भरू नका. साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं, आणि लगेच पशुवैद्य. रेबीजची लस वेळेवर दिलेली असली तरी चाव्यानंतर पुन्हा डोस लागतो, तो पशुवैद्य ठरवतील. भांडण सोडवताना तुम्हाला दात लागला असेल, नुसता ओरखडा असेल, तरी तुमचीही जखम तशीच धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खांदा दुखत असताना सराव सुरू केला तर कुत्र्याच्या डोक्यात दुसरं कुत्रं आणि दुखणं यांची गाठ आणखी घट्ट बसते. पशुवैद्य 'आता दुखत नाही' म्हणेपर्यंत घर, अंगण, गच्ची. फिरणं फक्त लघवी-शौचापुरतं.

(दृश्य : हातातली दोरी. कुत्रं दिसताच मूठ आवळते.)

आता ही मूठ बघा. समोरून कुत्रं आलं की आपण न कळत दोरी आखडतो. गळ्यात पट्टा असेल तर तो तिथे आवळतो. दहा वेळा असं झालं की कुत्रा हिशोब मांडतो : कुत्रं दिसलं की श्वास कोंडतो. दोरीमुळे पळून जायची वाट आधीच बंद झालेली असते. उरतं काय? भुंकणं. तो भुंकतो, समोरचं कुत्रं आपल्या वाटेने निघून जातं, आणि याला वाटतं, भुंकलो म्हणून गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ हाच धडा गिरवला जातो. ओरडून, दोरीला हिसका देऊन तो पुसला जात नाही. गुरगुरण्याबद्दल मारलेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावतं.

सामान फार लागत नाही. छातीवर इंग्रजी वाय आकार येणारा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाला बांधायचा पट्टा, त्याला छातीशी एक आणि पाठीवर एक कडी. तीन मीटरची साधी सुती किंवा नायलॉनची दोरी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी नको, ती कायम थोडी ताणलेलीच राहते. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा तर घरातही ठेवू नका.

आणि मुसकं. मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधलेलं आपल्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. कुत्र्याला बांधलं की मात्र लोक वळून बघतात. बघू द्या. मुसकं बांधलेला कुत्रा चावू शकत नाही, हे माहीत असलं की तुमचा हात सैल राहतो, आणि सैल हात दोरीतून कुत्र्यापर्यंत पोचतो. मुसकं जाळीचंच घ्या. आत त्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून तुकडा घेता आला पाहिजे. नाकापुढे बोटभर जागा हवी. कापडी, जबडा आवळणारी पट्टी फिरायला बांधू नका. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर सोडतो. एप्रिल-मेच्या सांगलीत तोंड बंद ठेवलेला कुत्रा काही मिनिटांत कोसळू शकतो.

सवय लावायला दोन आठवडे धरा. पहिले तीन दिवस मुसक्याच्या तळाशी पनीर ठेवायचं आणि मुसकं नुसतं हातात धरायचं. नाक त्याने स्वतः आत घालायचं, आपण ढकलायचं नाही. मग पट्टा मानेमागे नुसता टेकवायचा. मग पाच सेकंद बांधून सोडायचं. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, घरातल्या घरात दहा मिनिटं. पंजाने ओढायला लागला तर घाई झाली, एक पायरी मागे यायचं.

(दृश्य : पोळपाटावर उकडलेलं चिकन. सुरीने बारीक तुकडे.)

बिनहाडाचं चिकन, नुसत्या पाण्यात उकडलेलं. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. शंभर ग्रॅममध्ये शंभराहून जास्त तुकडे होतात, आणि एका फेरीला तीस-चाळीस पुरतात. जेवढं बाहेर खाल्लं तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी. चिकन घरात चालत नसेल तर बिनमिठाचं पनीर. बिस्किटं यासाठी उपयोगाची नाहीत. भीतीशी स्पर्धा आहे, तिथे रोजचं बिस्किट हरतं. एक गोष्ट मात्र या जिल्ह्यात ठासून सांगायला हवी. तासगावचा बेदाणा इथे घरोघरी असतो आणि हातात येईल तसा दिला जातो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. चार दाणेसुद्धा देऊ नका.

आता अंतर. तुमच्या कुत्र्याचं सुरक्षित अंतर कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, ते रस्त्यावर मोजावं लागतं. दुसरं कुत्रं दिसतंय, याचे कान उभे आहेत, पण तुकडा घेतोय आणि नाव घेतल्यावर मान वळवतोय, ते अंतर बरोबर. तुकडा तोंडाशी नेऊनही घेत नसेल, किंवा हिसकावून बोटाला दात लागत असतील, तर फार जवळ आलात. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम गोठणं. यात गोठणं सगळ्यात धोक्याचं. भुंकणारं कुत्रं अजून बोलतंय, गोठलेल्याचं बोलून झालेलं असतं.

क्रम चुकवू नका. आधी कुत्रं दिसायचं, मग तुकडा. कुत्रं दिसत असेपर्यंत तुकडे, ते आड गेलं की खिसा बंद. बहुतेकांचं इथेच चुकतं. लांबून कुत्रं येताना आपल्याला आधी दिसतं आणि आपण घाईने पिशवीत हात घालतो. पंधरा दिवसांत पिशवीचा आवाज म्हणजे 'कुत्रं आलं' असा इशारा होऊन बसतो. घासच वाईट बातमी झाली. म्हणून तुकडे आधीच मुठीत, मूठ पाठीमागे.

एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, आठवड्यात तीन-चार दिवस. सलग तीन फेऱ्या शांत गेल्या की अंतर दोन-तीन मीटरने कमी. एखाद्या दिवशी भडका उडाला, तर त्या दिवशी सराव संपला आणि पुढची फेरी दुप्पट अंतरावरून. आदल्या रात्री फटाके, डॉल्बी किंवा घरात पाहुण्यांची गर्दी झाली असेल तर सराव नकोच. एकावर एक चढलेला ताण उतरायला एक रात्र पुरत नाही.

(दृश्य : कचऱ्याच्या कोंडाळ्याजवळ बसलेली चार कुत्री.)

पण रस्ता आपल्या मालकीचा नाही. कोंडाळा, चिकनचं दुकान, रात्रीच्या खाण्याच्या गाड्यांची जागा, ही भटक्या कुत्र्यांची घरं आहेत आणि ती घर राखतात. दोन दिवस एकट्याने, कुत्र्याशिवाय फिरा आणि या जागा टिपून ठेवा. कानाला खाच असलेलं कुत्रं नसबंदी झालेलं असतं. तशी वस्ती असलेली गल्ली बहुधा शांत असते. भाद्रपद जपून काढायचा. त्या दिवसांत टोळ्या फिरतात, नर एकमेकांवर तुटून पडतात. पुढे दोन महिन्यांनी पिल्लं होतात, तेव्हा एरवी गरीब असलेली कुत्रीही अंगावर येते.

समोरून एखादं चालून आलंच, तर पळायचं नाही. आपला कुत्रा पाठीशी, आपण मध्ये. येणाऱ्याच्या पायाशी मूठभर बिस्किटं फेकायची. बिस्किटांचा उपयोग इथे आहे. तो हुंगत बसतो, आपण अर्धगोल वळसा घालून निघायचं. बंद छत्री त्याच्या दिशेने फटकन उघडली तरी बहुतेक कुत्री थबकतात. आणि जुंपलीच, तर दोन जबड्यांच्या मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी, मध्ये सारलेली फळी, अंगावर टाकलेलं घोंगडं, जे मिळेल ते.

वळायचं मात्र घरात शिकवून ठेवलेलं हवं. 'चल' म्हटलं की पाठ फिरवून माझ्यामागे, तुकडा. व्हरांड्यात दिवसाला वीस वेळा, आठवडाभर, कुत्रं समोर नसताना. संकटात नवीन काही शिकता येत नाही.

(दृश्य : मोकळं मैदान. दोन माणसं, दोन कुत्री, एकाच दिशेने.)

दीड-दोन महिन्यांनी मदतीला दुसरं कुत्रं घ्यायचं. वयाने मोठं, नसबंदी झालेलं, रोखून न बघणारं. खेळकर पिल्लू इथे चालत नाही, ते अंगावर उडी मारतं. समोरासमोर आणायचं नाही. कुत्र्यांच्या जगात नाकासमोर सरळ चालत येणं ही आगळीक आहे. दोघांनाही एकाच दिशेने, समांतर चालवायचं, माणसं मधल्या बाजूला, सुरुवात वीस-पंचवीस मीटरवरून. मग एक पुढे, दुसरा मागे, म्हणजे मागच्याला पुढच्याचा वास जमिनीवरून वाचता येतो. समोरासमोर भेटीपेक्षा हा वास कितीतरी जास्त सांगतो आणि त्याला दात नसतात.

प्रत्यक्ष हुंगू द्यायचं ते शेवटी. बाजूने, शेपटीकडून, दोऱ्या सैल, मुसकं बांधलेलं. तीन सेकंद, की 'चल'. तीन सेकंदांनंतर दोघंही विचारात पडायला लागतात.

चार-पाच महिने नियमाने करूनही फरक पडत नसेल, कुत्रा घरातसुद्धा दचकत असेल, झोपत नसेल, तर पशुवैद्याशी औषधाबद्दल बोला. भीती कमी करणारी औषधं आहेत, काहींचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यासोबत सराव चालूच ठेवावा लागतो. माणसाची झोपेची गोळी देऊ नका. गुंगीत हातपाय ढिले पडतात, भीती तशीच राहते.

काही कुत्री पुन्हा कधीच दुसऱ्या कुत्र्याशी खेळत नाहीत. त्यात कमीपणा काही नाही. शेजारून कुत्रं गेलं आणि त्याने आपल्याकडे मान वळवली, एवढं जमलं तरी त्याचं आणि तुमचं आयुष्य सुटसुटीत होतं.

(दृश्य : पुन्हा मैदान. काळी कुत्री पुढे, खंड्या मागे.)

मधलं अंतर आता बारा मीटर. काळीने जिथे लघवी केली, तिथे खंड्या थांबलाय. नाक जमिनीला, शेपूट खाली आणि मोकळं, दोरी लोंबतेय. मालकीण काहीच बोलत नाहीये, ओढतही नाहीये. पुरे झाल्यावर तो स्वतः मान वर करून तिच्याकडे बघतो. तुकडा. दहा मीटर पुढच्या आठवड्यात, तेही हे तीन वेळा असंच झालं तर.