हजारातले तेहतीस

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी १९८० मधली मुंबईची सुवर्णमहोत्सवी कसोटी तुमच्यापैकी काहींनी वानखेडेवर बसून पाहिली असेल, बऱ्याच जणांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकली असेल. इयन बोथमने एकट्याने खाल्लेला सामना. ११४ धावा आणि १३ बळी! इंग्लंडचा संघ मायदेशी परतला आणि त्याच वर्षी हा बोथम एका फुटबॉल क्लबाच्या बचावफळीत उभा राहिला. क्लबाचं नाव स्कंथॉर्प युनायटेड. इंग्लिश लीग ही चार मजली इमारत धरली, तर हा क्लब तेव्हा तळमजल्यावर राहत होता. पुढच्या पाच वर्षांत बोथम त्यांच्याकडून लीगचे ११ सामने खेळला.

बोथमची ती हौस होती. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्याची मात्र त्याच क्लबात पहिली नोकरी होती. नाव ग्रॅहम अलेक्झांडर, जागा उजवा बॅक, म्हणजे बचावफळीची उजवी कड. जन्म १० ऑक्टोबर १९७१, गाव कॉव्हेंट्री. फुटबॉल नेमाने पाहणाऱ्यांनाही हे नाव चटकन आठवणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

स्कंथॉर्प हे पोलादाचं गाव. क्लबाचं टोपणनावच ‘आयर्न’, म्हणजे लोखंड. तिथला पोलाद कारखाना काही वर्षं आपल्या टाटांकडेही होता. २००७ मध्ये त्यांनी कोरस विकत घेतली तेव्हा तो आला आणि २०१६ मध्ये नाममात्र एक पौंड घेऊन त्यांनी तो दुसऱ्याला दिला. क्लबाचं जुनं मैदान भर वस्तीत होतं. १९८८ मध्ये ते विकून क्लब गावाबाहेर नव्या मैदानात गेला आणि जुन्या जागेवर सुपरमार्केट उभं राहिलं. ज्या जागी बोथम हेडर मारायचा, तिथे आता लोक बटाटे निवडतात. अलेक्झांडर उमेदवारीला आला तो या नव्या मैदानात.

उमेदवारी म्हणजे अक्षरशः उमेदवारी. सोळा-सतरा वर्षांची पोरं सकाळी सराव करायची आणि दुपारी मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायची, कपडे बदलायच्या खोल्या झाडायची. दोन वर्षांनी क्लब ठरवणार, करार द्यायचा की घरी पाठवायचं. बहुतेक जण घरी जात. ज्यांना करार मिळे त्यांचीही कायमची सोय झाली असं नाही. तिथे दर वर्षी मे महिन्यात क्लब एक यादी जाहीर करतो: अमुक खेळाडू ठेवले, तमुक सोडले. आपल्याकडे मे महिन्यात दहावी-बारावीच्या निकालाची धाकधूक असते ना, तशी या माणसांना दर मे महिन्यात असते, आणि तीही पस्तिशीपर्यंत. घरभाडं त्या यादीवर, मुलांची शाळा त्या यादीवर, एवढंच काय, पुढच्या वर्षी कोणत्या गावात राहायचं तेही त्या यादीवर. वरच्या मजल्यावरच्या कोट्यधीशांना हे प्रकरण ठाऊकच नसतं.

आता उजव्या बॅकचं काम काय, तेही सांगतो. समोरून येणारा विंगर, म्हणजे कडेने पळणारा आक्रमक, तुमच्यापेक्षा चपळ असणार हे गृहीत धरायचं आणि तरीही त्याला आत शिरू द्यायचं नाही. संधी दिसली की स्वतः पन्नास-साठ मीटर पुढे पळायचं, कडेवरून गोलासमोर चेंडू, म्हणजे क्रॉस, टाकायचा आणि उलट पावली तेवढंच मागे यायचं. सगळं नीट पार पडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचं नावही येत नाही. ते येतं चूक झाली की. शिवाय तिन्ही खालच्या विभागांत २४-२४ संघ, म्हणजे लीगचेच ४६ सामने, वर कपांचे वेगळे. शनिवारी खेळायचं, मंगळवारी रात्री दिव्यांखाली पुन्हा खेळायचं आणि मध्यरात्री बसने घरी.

मे १९९२. अलेक्झांडर वीस वर्षांचा. स्कंथॉर्प बढतीच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे वर जाण्याची शेवटची जागा ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, अंतिम सामन्यात, तोही लंडनच्या वेम्बलीवर. समोर ब्लॅकपूल. १-१ बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टींवर गेला. आपला हा पोरगा पेनल्टी घ्यायला गेला आणि चुकला. स्कंथॉर्प हरलं. हे लक्षात ठेवा, कारण याच माणसाने पुढे पेनल्टी हा आपला हक्काचा धंदा केला. बचावपटू असून त्याच्या नावावर शंभराहून जास्त गोल आहेत आणि त्यांतले बरेच पेनल्टीच्या ठिपक्यावरून, बारा यार्डांवरून मारलेले. पेनल्टी घेताना त्याने नाजूक कलाकुसर कधी केली नाही. धावत यायचं आणि चेंडू फाडून काढायचा. वीस वर्षं तो हेच करत राहिला. त्या एका चुकीनंतर आयुष्यभर दुसऱ्याला पुढे करणारे खेळाडू मी पाहिलेत. यालाच कसं सुचलं पुन्हा पुढे व्हायचं, याचं मला अजून कुतूहल आहे.

१९९४-९५ च्या मोसमात स्कंथॉर्पच्या त्या साध्यासुध्या ड्रेसिंग रूममध्ये एक गंमत झाली. ग्रिम्सबीचा टोनी फोर्ड तिथे खेळायला आला. वय पस्तीस. १९७५ मध्ये, सोळाव्या वर्षी त्याने सुरुवात केली होती आणि २००१ मध्ये रॉचडेलकडून खेळून, बेचाळिशीत थांबला. लीगचे ९३१ सामने. गोलरक्षक सोडले तर इंग्लिश लीगमध्ये कुणाही खेळाडूसाठी हा विक्रमच. सगळ्या स्पर्धा धरून त्याने हजारी ओलांडली. गोलरक्षक वगळून असे हजार सामने खेळलेला पुढचा माणूस कोण? तर त्याच खोलीत शेजारी बसून बुटाची नाडी बांधणारा, तेवीस वर्षांचा अलेक्झांडर. तेव्हा हे त्या दोघांनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

१९९५ मध्ये ल्यूटनने त्याला एक लाख पौंडांना घेतलं. पहिल्याच मोसमात ल्यूटन खालच्या विभागात घसरलं. पुढची तीन वर्षं क्लबाची पैशाची ओढाताण. मार्च १९९९ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडने त्याला उचललं, ५० हजार पौंडांना. म्हणजे चार वर्षांत किंमत निम्मी! त्याच दशकात न्यूकॅसलने ॲलन शिअररसाठी दीड कोटी पौंड मोजले होते. त्या पैशांत असे तीनशे अलेक्झांडर आले असते.

पण प्रेस्टनचा तो सौदा फार चांगला ठरला. प्रेस्टन हा मोठा खानदानी क्लब. १८८८-८९ मध्ये पहिलीवहिली फुटबॉल लीग जिंकली ती यांनी, तीही एकही सामना न हरता. यांचा सर्वांत लाडका खेळाडू टॉम फिनी, इंग्लंडकडून खेळून पुन्हा आपला नळजोडणीचा धंदा सांभाळणारा, कारण त्या काळी खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. ती उठली १९६१ मध्ये. तोवर फिनी निवृत्त झाला होता. अशा क्लबात अलेक्झांडर आठ वर्षं राहिला. प्रशिक्षक होता डेव्हिड मॉयेस, तेव्हा तरुण होता आणि अजून कुणाला फारसा माहीत नव्हता. २००० मध्ये बढती मिळाली. मग प्रीमियर लीग, म्हणजे सर्वांत वरचा मजला, फक्त एक पायरी वर राहिली आणि तिथेच घोडं अडलं. २००१ च्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात बोल्टनकडून ०-३ हार. २००५ मध्ये पुन्हा अंतिम सामना, आणि प्रेस्टन वेस्ट हॅमकडून ०-१ हरलं. २००६ मध्ये उपान्त्य फेरीतच मजल संपली.

मधल्या काळात एक अनपेक्षित चिठ्ठी आली. वडील स्कॉटिश, त्या नात्याने एप्रिल २००२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळला आणि हा हा म्हणता ४० सामने झाले. १२ सप्टेंबर २००७ ला पॅरिसमध्ये स्कॉटलंडने फ्रान्सला १-० हरवलं. आदल्या वर्षी विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेला फ्रान्स! जेम्स मॅकफॅडनचा दुरून मारलेला तो गोल स्कॉटलंडमध्ये लोक अजून सांगतात. त्या रात्री बचावाच्या डाव्या बाजूला हा उजव्या पायाचा, दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला, पस्तीस वर्षांचा माणूस उभा होता. गोल डोळ्यांत भरतो. नव्वद मिनिटं बंद ठेवलेलं दार कोण बघतो?

पॅरिसच्या जेमतेम महिनाभर आधी तो जवळच्याच बर्नलीत गेला होता. लँकेशायरची ही जुनी कापडगिरण्यांची गावं, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आणि एकमेकांवर दात ठेवून. बर्नलीचा हाडवैरी म्हणजे ब्लॅकबर्न. तोच ब्लॅकबर्न रोव्हर्स, जो नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजने विकत घेतला. बर्नली १९७६ पासून सर्वोच्च विभागाबाहेर होतं. प्रशिक्षक ओवेन कॉइल. त्याने ओळखलं की या माणसाचे पाय थकले असतील, डोकं ताजं आहे. त्याला बॅकच्या जागेवरून काढून मधल्या फळीत, बचावाच्या पुढ्यात उभं केलं.

२००८-०९ मध्ये बर्नली सगळे मिळून ६१ सामने खेळलं. लीग कपात चेल्सीला आणि आर्सेनलला बाहेर काढलं. मग प्ले-ऑफ. उपान्त्य फेरीच्या पहिल्या लढतीत रेडिंगविरुद्ध शेवटची पाच-सात मिनिटं उरली असताना पेनल्टी मिळाली. चेंडू कुणी ठेवला, सांगायला नको. १-०. आणि २५ मे २००९, वेम्बली, शेफिल्ड युनायटेडविरुद्ध वेड एलियटचा एकमेव गोल. सतरा वर्षांपूर्वी ज्या मैदानाच्या नावाने तो खालमानेने परतला होता, तिथून आता वर जायचा रस्ता निघाला. मधल्या काळात जुनं वेम्बली पाडून नवं बांधूनही झालं होतं.

ऑगस्ट २००९. स्टोकच्या मैदानावर प्रीमियर लीगमधला पहिला सामना, वय ३७, अडतीस पूर्ण व्हायला दोन महिने कमी. स्टोकने २-० हरवलं. चारच दिवसांनी बर्नलीच्या घरच्या मैदानावर आले गतविजेते मँचेस्टर युनायटेड. रॉबी ब्लेकचा हवेतल्या हवेत मारलेला फटका, गोलरक्षक ब्रायन जेन्सनने अडवलेली मायकल कॅरिकची पेनल्टी, आणि बर्नली १-० ने विजयी. मोसमाअखेर मात्र संघ पुन्हा खाली.

अलेक्झांडरची कहाणी जिथे जिथे सांगितली जाते तिथे ती इथेच येऊन संपवतात. चिकाटीचं फळ मिळालं, टाळ्या, पडदा. मला हे पटत नाही. आकडे बघा ना. एकूण सामने १०२३. त्यांतले प्रीमियर लीगचे ३३. मग उरलेले ९९० काय फलाटावर गाडीची वाट बघत काढले? मंगळवारी रात्री पावसात तीन-चार हजार लोकांसमोर विंगरला अडवताना तो काही सरावाला आला नव्हता. तेच त्याचं काम होतं आणि तिथे आलेल्या माणसांनी त्या कामाचे पैसे मोजले होते. एप्रिल २०११ मध्ये त्याने हजारावा सामना खेळला, तोही पुन्हा दुसऱ्या विभागातच.

आणि नंतर तो गेला कुठे? स्कंथॉर्पला. तिसऱ्या विभागात. एप्रिल २०१२ मध्ये, चाळिशीत, त्याच मैदानावर शेवटचा सामना, आणि अगदी शेवटच्या क्षणी मिळालेल्या फ्री किकवर त्याने गोल मारला. एखाद्या लेखकाने असा शेवट लिहिला असता तर मीच नाक मुरडलं असतं.

पुढे प्रशिक्षक म्हणूनही तीच वणवण. २०१४ मध्ये फ्लीटवूड या मासेमारीच्या गावच्या क्लबाला त्याने बढती मिळवून दिली. २०१९ मध्ये सॅलफर्डला फुटबॉल लीगमध्ये आणलं. सॅलफर्डच्या मालकांत एक होता गॅरी नेव्हिल. तोही उजवा बॅकच, पण सबंध कारकीर्द एकाच क्लबात, मँचेस्टर युनायटेडमध्ये काढलेला. पुढच्या वर्षी, लीगच्या नव्या मोसमात एकही सामना हरलेला नसताना, सॅलफर्डने अलेक्झांडरला नारळ दिला.

२०२३ च्या अखेरीला तो ब्रॅडफर्ड सिटीत आला. ३ मे २०२५, चौथ्या विभागाच्या मोसमाचा शेवटचा दिवस. जिंकलं तर बढती नक्की. पाहुणा संघ फ्लीटवूड, त्यानेच एकेकाळी वर नेलेला. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. ९६ व्या मिनिटाला ब्रॅडफर्डच्या अँटोनी सार्सेविचने गोल केला. प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात धावले. ब्रॅडफर्ड तिसऱ्या विभागात. तिथेही संघ २४, लीगचे सामने ४६, आणि मंगळवारी रात्री दिवे लागतातच.

नमस्कार.