जॉश ऍलनला बॉल मिळालाच नाही

(दृश्य: टॉस, स्लो मोशन)

हे नाणं नीट बघा. 23 जानेवारी 2022, कॅन्सस सिटीचं ऍरोहेड स्टेडियम, एनएफएलची प्लेऑफ मॅच, म्हणजे अमेरिकेचं ते हेल्मेट घालून खेळायचं फुटबॉल, आणि प्लेऑफ म्हणजे हरला त्याचा सीझन संपला. कॅन्सस सिटी चीफ्स 36, बफेलो बिल्स 36. आता ओव्हरटाइमचा, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळेचा टॉस. बफेलोनं काटा मागितला, छापा पडला. माझ्या मते मॅच अर्धीअधिक इथंच गेली.

आधीची शेवटची दोन मिनिटं बघा म्हणजे कळेल एवढा जीव का तुटतो. दोन मिनिटांत दोन्ही टीम मिळून 25 पॉइंट! बफेलोचा जॉश ऍलन फेकतोय आणि गेब्रियल डेव्हिस पकडतोय, एकट्या डेव्हिसचे चार टचडाऊन झाले त्या रात्री, टचडाऊन म्हणजे बॉल पार समोरच्याच्या टोकापर्यंत नेणं, 6 पॉइंट. 13 सेकंद उरलेत, बफेलो 36-33 नं पुढं, लोकांनी धरूनच चाललं होतं की संपलं आता. आणि मग हा चीफ्सचा फेकणारा, पॅट्रिक महोम्स. एक पास टायरीक हिलला, 19 यार्ड. दुसरा ट्रॅव्हिस केल्सीला, 25 यार्ड. मग हॅरिसन बटकरची 49 यार्डांवरून किक, आत. बरोबरी. 13 सेकंदांत!

(इथे निवेदन नाही, स्टेडियमचा आवाज)

आता ओव्हरटाइम. तेव्हाचा नियम असा की टॉस जिंकलेल्या टीमनं पहिल्याच वेळी टचडाऊन केला तर खेळ खल्लास, समोरच्याला बॉल मिळणारच नाही, फक्त फील्ड गोलवर म्हणजे खांबांमधून किक मारून मिळणाऱ्या 3 पॉइंटवर थांबली, किंवा काहीच जमलं नाही, तरच दुसऱ्याला चान्स. हा सुद्धा सुधारलेला नियम बरं का. त्याआधी नुसता फील्ड गोलही पुरायचा, जानेवारी 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्सनं टॉस जिंकून एक किक मारली आणि मिनेसोटाची टीम ओव्हरटाइममध्ये बॉलला हात न लावता सुपर बोलच्या, म्हणजे फायनलच्या दारातून परत गेली, त्यावर ओरड झाली म्हणून प्लेऑफपुरता हा बदल आला.

चीफ्सनं 75 यार्ड पार केले, हा बघा केल्सी, टचडाऊन, 42-36. आणि हा ऍलन, साइडलाइनला.

(शॉट पूर्ण चालू द्या)

लोक म्हणतात बफेलोच्या डिफेन्सनं अडवायचं होतं ना, अडवणं हा पण खेळच आहे. मान्य, पण मग चीफ्सच्या डिफेन्सनं काय अडवलं? त्यांना उतरावंच लागलं नाही, म्हणजे परीक्षा एकाच टीमची घेतली. आपल्याकडं गल्लीत एकजण आपली बॅटिंग उरकून घरी पळायला लागला तर त्याला कॉलर धरून बॉलिंगला आणायचे, इथं लीगचा नियमच त्याला पळू देत होता. 2010 चा बदल आल्यापासून प्लेऑफच्या 12 ओव्हरटाइम मॅच झाल्या, त्यातल्या 10 टॉस जिंकणाऱ्यानं जिंकल्या, आणि 7 तर पहिल्याच चढाईत संपल्या.

आणि हेच चीफ्स जानेवारी 2019 मध्ये न्यू इंग्लंडकडून अगदी असेच हरले होते, तेव्हा महोम्स बसून राहिला होता. त्यांनीच नियम बदलायचा प्रस्ताव दिला होता, पास झाला नाही.

ऍलनच्या मॅचनंतर मार्च 2022 मध्ये टीमच्या मालकांनी 29 विरुद्ध 3 मतांनी नियम बदलला, प्लेऑफमध्ये दोघांनाही बॉल.

मग मजा गेली का? हे बघा, फेब्रुवारी 2024, लास व्हेगास, सुपर बोल, चीफ्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा ओव्हरटाइम. सॅन फ्रान्सिस्कोनं टॉस जिंकून बॉल आधी घेतला, फील्ड गोल मारला, 22-19, आणि आता महोम्सला माहीत आहे किती हवेत. चौथ्या डाऊनला, म्हणजे बॉल पुढं न्यायच्या शेवटच्या प्रयत्नाला, स्वतः पळून वाचवतोय, अडवला असता तर सगळं संपलं होतं, आणि पहिलं ओव्हरटाइम संपायला 3 सेकंद असताना मेकोल हार्डमनला पास, 25-22. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं की नवा नियम आम्हाला माहीतच नव्हता! चीफ्सनं मात्र त्याची आधीपासून तयारी केलेली. आता टॉस जिंकून सुद्धा डोकं लावावं लागतं, बॉल आधी घ्यायचा की नंतर, आणि मला विचाराल तर खरी करमणूक हीच.

रेग्युलर सीझनला, म्हणजे प्लेऑफआधीच्या मॅचना, हा नियम 2025 मध्ये आला, पण ओव्हरटाइमची वेळ 10 मिनिटंच ठेवली. त्याच सप्टेंबरमध्ये ग्रीन बे आणि डॅलस, दोघांनी एकेक फील्ड गोल मारला, घड्याळ संपलं, 40-40, कोणीच जिंकलं नाही. मूळ प्रस्तावात 15 मिनिटं होती, ती कापायला नको होती, अजूनही परत आणता येतील.