तिसरीच्या मुलाच्या हातात काय द्यायचं?

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

गुरुजनहो, पालक मंडळी,

आपल्या भागात कडोलीला साहित्य संमेलन भरतं, उचगावला भरतं, येळ्ळूरला, कुद्रेमानीला भरतं. ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं पुढं चालतात. याचा मला फार अभिमान आहे. पण त्याच दिंडीतल्या तिसरीच्या मुलाचं दप्तर उघडून बघा. पाठ्यपुस्तक सोडून मराठीतलं दुसरं काय सापडतं? बहुतेक दप्तरांत काहीच नाही. पुस्तक एकच, आणि तेही दिवाळीपर्यंत पाठ झालेलं. पाठ झालेला धडा मूल म्हणून दाखवतं. त्याला वाचन म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या मुलाला एसटीच्या पाटीवर मराठी भेटते, दुकानाच्या फलकावर भेटते. आपल्या मुलाला बसवर, कचेरीवर कन्नड दिसतं. ते त्यानं वाचावंच, त्याच्या उपयोगाचं आहे. पण तिकडं रस्ता जे मराठी वाचन फुकट देतो, ते इकडं शाळेलाच द्यावं लागणार. म्हणून पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनाचा पूरक तास म्हणजे जादा गृहपाठ, हा समज सोडा. त्या तासाला रोज न वाचलेला मजकूर मुलासमोर आला पाहिजे. चार ओळींचा असला तरी चालेल, पण नवा हवा.

आता लिपीचं बघू. आपली मुलं दोन लिप्या जवळजवळ एकदमच शिकतात. वर्णमालेचा क्रम सारखाच असल्यामुळं मोठी सोय होते, पण जोडाक्षरात घोटाळा होतो. 'पुस्तक' लिहा. मराठीत 'स' अर्धा होतो आणि 'त' पूर्ण राहतो. कन्नडात 'स' पूर्ण राहतो आणि 'त' त्याच्या पायाशी जातो. 'सूर्य' घ्या. आपला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, तर कन्नडात 'र'ची खूण 'य'च्या उजव्या अंगाला येते. वाचताना मात्र दोन्हीकडं 'र' आधी. मूल 'पुसतक' लिहितं तेव्हा त्याला मठ्ठ ठरवू नका. दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि कुठं काय अर्धं झालं, कोण खाली गेलं, ते मुलालाच शोधू द्या. कन्नडच्या शिक्षकांना सोबत घ्या. दोघांनी मिळून घेतलेला असा एक तास दहा शुद्धलेखनांपेक्षा जास्त शिकवतो, असं माझं ठाम मत आहे.

व्याकरणाचं दुखणं वेगळं आहे. एकाच बाकावर मराठी घरातलं मूल बसतं आणि कन्नड घरातलंही. कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, आणि विशेषण लिंगाप्रमाणं बदलत नाही. त्या मुलाला आंबा 'तो', चिंच 'ती' आणि केळं 'ते' का, हे कुठल्याही व्याख्येनं कळणार नाही. कळणार कसं? आपल्यालाही कारण सांगता येत नाही! ते कानावर पडून पडूनच बसतं. म्हणून टोपलीत खरी फळं ठेवा. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं म्हणायचं: पिकलेला आंबा, पिकलेली चिंच, पिकलेलं केळं. पुढच्या फेरीत 'ला' लावायचा: आंब्याला, चिंचेला, केळ्याला. मराठी घरातलं मूल हे सहज बोलतं, त्याला फक्त 'आंबा'चं 'आंब्या' झालं हे दिसायला हवं. कन्नड घरातल्या मुलाला ते रूप घडवायला शिकायचं आहे. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात, पण तो शब्द पाचवीत सांगितला तरी काही बिघडत नाही.

बोलीबद्दल एक कळकळीची विनंती. आपल्याकडच्या मुली 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. आई तसंच बोलते, आजी तसंच बोलते. वर्गात त्यावर हसू नका, कुणाला हसू देऊ नका. गोष्टीतली मुलगी 'मी जाते' म्हणते, ते वाचून मूल लिहिताना आपोआप उचलतं. घरचं बोलणं चूक म्हटलं की ते पोर तोंडच मिटून घेतं, आणि न बोलणारं मूल लिहिणार काय?

लिहायला त्यांच्या ओळखीचं द्या. मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगम पावते. तिथल्या मुलांनी नदीवर लिहावं. रोप लावणीला चिखल कसा करतात, हे आजोबांना विचारून पाच वाक्यं लिहावीत. ती तपासताना पान लाल करू नका. एका आठवड्यात एकच गोष्ट तपासा. समजा, या आठवड्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार: पाणी, कवी, गुरू, वस्तू. १९६२च्या लेखननियमांप्रमाणं तो दीर्घ. 'आणि', 'परंतु' असे मोजके शब्द वेगळे. बाकीच्या चुका त्या आठवड्यात दिसल्या तरी हात आवरा.

पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यात वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. शनिवारी सकाळची शाळा असते, तिचा शेवटचा अर्धा तास घ्या. मुलांनी लिहिलेली वाक्यं जाड अक्षरांत भिंतीवर लावा. चौथीच्या मुलानं लिहिलेलं दुसरीच्या मुलानं वाचायचं, म्हणजे नवा मजकूर गावातच तयार होतो. मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहे. १९७१पासून निघणारं हे मासिक, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पाच-सहा पानं छापून आणायला फार खर्च येत नाही.

एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीचे, सभासद इथं आलेले आहेत. पुढच्या बैठकीत कंपाउंडच्या रंगाचा विषय येईल तेव्हा त्याच्या आधी गोष्टींच्या पुस्तकांचा विषय घ्या. आणि आलेली पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवू नका. फाटली तर फाटू देत, आपण चिकटवू.