निधीची अट कोणती असावी?

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना केंद्र सरकारकडून जो निधी मिळतो, त्याच्या मागोमाग येणाऱ्या अटींविषयी आज मला बोलायचे आहे. निधी किती मिळाला, याची चर्चा अर्थसंकल्पाच्या दिवसांत पुष्कळ होते. तो कोणत्या अटीवर मिळाला आणि त्या अटीपायी गावाच्या व शहराच्या नियोजनाचे काय झाले, इकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्या 1993 मध्ये अमलात आल्या. त्यांनी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याचे बंधन राज्यांवर घातले आणि या संस्थांच्या उत्पन्नाला जोड कशी द्यायची, हे सुचवण्याचे काम केंद्रीय वित्त आयोगाकडेही सोपवले. दहाव्या आयोगाने पंचायतींसाठी माणशी 100 रुपये सुचवले, आणि माणसे मोजली ती 1971 च्या जनगणनेप्रमाणे. चौदाव्या आयोगापर्यंत ही रक्कम 2015 ते 2020 या काळासाठी 2,87,436 कोटींवर गेली. त्यातला ग्रामीण भागाचा सगळा वाटा मात्र थेट ग्रामपंचायतींना मिळाला आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कोरड्या राहिल्या. पंधराव्या आयोगाने ती चूक दुरुस्त करून तिन्ही स्तरांना वाटा दिला आणि 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी, आरोग्यावरील अनुदान धरून, एकूण 4,36,361 कोटी रुपयांची शिफारस केली.

रकमेबरोबर अटीही वाढल्या. 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांत ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या या अनुदानातील 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, होता. त्यातला निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीसाठी, तर निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखलेला होता. उरलेला 40 टक्के अबंधित निधी गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. याशिवाय लेखापरीक्षण झालेले हिशेब सर्वांना पाहता येतील असे ऑनलाइन ठेवणे, शहरी संस्थांसाठी मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करणे, राज्याने मार्च 2024 पर्यंत राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींवरील कृती अहवाल विधिमंडळासमोर मांडणे, अशा अटी होत्याच.

या सगळ्या अटी एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. हिशेब दाखवा, कर नीट आकारा, आयोग वेळेवर नेमा, या अटी जबाबदारीच्या आहेत आणि त्या आणखी कडक झाल्या तरी हरकत नाही. आपल्याकडे लेखापरीक्षणातील आक्षेप वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, हे जिल्हा परिषदेचा कारभार जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पैसा कशावर खर्च करायचा हे दिल्लीत बसून ठरवणारी अट मात्र वेगळ्या जातीची आहे, कारण ती गावाकडून हिशेब मागत नाही, गावाचा निर्णयच काढून घेते.

आपल्या नागपूर जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. संत्र्याच्या बागांसाठी भूजल उपसणाऱ्या काटोल-नरखेड पट्ट्यात पाण्यासाठी राखलेला निधी उपयोगी पडणार, यात वाद नाही. पेंचच्या कालव्याखाली धान पिकवणाऱ्या मौदा-रामटेक भागातील एखाद्या गावाची पहिली निकड पाणंद रस्त्याची किंवा शाळेच्या छताची असू शकते. ग्रामसभेने तसे ठरवले, तरी या अनुदानाच्या 60 टक्के भागावर तिचे काही चालत नव्हते. एखाद्या संस्थेने पाणी किंवा स्वच्छता यांपैकी एका बाबतीतील गरज पूर्ण भागवली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बाबीकडे वळवण्याची मुभा आयोगाने ठेवली आहे, पण ती या दोन बाबींपुरतीच. शिवाय नळाच्या पाण्यासाठी 2019 पासून जल जीवन मिशन आणि स्वच्छतेसाठी 2014 पासून स्वच्छ भारत मिशन या स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजना असताना त्याच दोन कामांसाठी वित्त आयोगाचेही अनुदान बांधून ठेवल्याने एकाच कामाला दोन लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाची दोन खाती, मिळतात आणि बाकीची कामे उघडी पडतात. मग ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने होणारा ग्रामपंचायत विकास आराखडा बहुतेक वेळा पैशाच्या रकान्यांना साजेल अशी कामे शोधण्याचा उपक्रम होऊन बसतो. यात ग्रामसेवकाला दोष देता येणार नाही, कारण त्याच्यासमोर जे पोर्टल उघडते, त्यातच ते रकाने आखलेले असतात.

शहराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरी समूहांसाठी पंधराव्या आयोगाने मूलभूत अनुदान ठेवलेच नाही. त्याऐवजी कामगिरी पाहून द्यायचा 38,196 कोटींचा आव्हान निधी ठेवला आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश हवेची गुणवत्ता सुधारण्याच्या कामगिरीशी जोडला. नागपूर या गटात येते. हवेतील धूलिकण कमी करणे हे महापालिकेचे काम आहेच, रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणे आणि बांधकामे यांवर तिचा अधिकार चालतो. पण शहराला लागून कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत आणि त्यांच्या धुरांड्यांतून काय बाहेर पडावे, हे महापालिका ठरवू शकत नाही. जे आपल्या हाती नाही, त्याच्या मोजमापावर आपले अनुदान ठरावे, ही अट धोरणकर्त्यांनी पुन्हा तपासायला हवी.

हिश्श्याचाही प्रश्न आहे. नाग नदीच्या प्रदूषण नियंत्रणाचा सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प केंद्राने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 25 टक्के आणि महापालिकेचा 15 टक्के. पंधरा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर बहुतांश व्यापाऱ्यांपुरता 2015 मध्ये गेला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिकेचे एक मोठे उत्पन्न राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे स्वहिस्सा उभा करताना मालमत्ता कराशिवाय हाताशी फारसे काही उरत नाही. आणि तो कर वाढवण्याचे धाडस निवडणुकीच्या तोंडावर कोणताही पक्ष करीत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राने एक लाख कोटींचा नागरी आव्हान निधी जाहीर केला आहे. त्यातून प्रकल्पाच्या खर्चाच्या कमाल 25 टक्के रक्कम मिळेल, पण निदान 50 टक्के रक्कम रोखे, बँकेचे कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी राहिली पाहिजे. ज्या महापालिकेची पत चांगली, तिलाच तो पैसा मिळणार. गोंदिया किंवा वर्धा यांसारख्या नगर परिषदांनी रोखे कोणाला विकायचे?

निवडून आलेल्या संस्थेलाच अनुदान द्यावे, ही अट मात्र मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तिचा फटका महाराष्ट्राने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे, पण अखेर सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. अडीच दशलक्षांच्या आसपास वस्ती असलेल्या शहराच्या अंदाजपत्रकावर इतकी वर्षे एकाही नगरसेवकाने सभागृहात प्रश्न विचारला नाही, याला दिल्ली जबाबदार नाही.

जिल्हा पातळीवर नियोजनाची जागा म्हणजे जिल्हा नियोजन समिती. लोकांच्या तोंडी ती अजून डीपीडीसीच आहे. 1998 च्या राज्य कायद्यानुसार पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात, आणि घटनेप्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या सदस्यांतून निवडून यायला हवेत. गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक आराखडा करावा, अशी घटनेची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीत राज्याने ठरवून दिलेल्या नियतव्ययाच्या, म्हणजे खर्चासाठी नेमून दिलेल्या रकमेच्या, वाटपावर आणि आमदारांच्या कामांच्या याद्यांवर वेळ जातो; केंद्राच्या योजनांचा पैसा स्वतंत्र वाटेने येतो आणि वित्त आयोगाचा आणखी वेगळ्या वाटेने. प्रदेशाच्या पातळीवर तर आता जागाच राहिलेली नाही. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने 1984 मध्ये विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासातील मागे राहिलेली तूट, 1,246 कोटींहून अधिक काढला होता, त्यानंतर 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, आणि त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड 1 एप्रिल 2026 पासून सुरू होतो. या वळणावर नागपूरच्या दृष्टीने एक व्यवहारी मुद्दा सांगतो. पंधराव्या आयोगाने राज्यांमधील वाटप करताना 90 टक्के भार लोकसंख्येला दिला, आणि ती 2011 ची होती. बेसा, बेलतरोडी, वाडी, हिंगणा या शहराच्या कडेच्या वस्त्यांत तेव्हा किती घरे होती आणि आज किती सदनिका आहेत, हे तिकडून रोज शहरात येणाऱ्या श्रोत्यांना ठाऊक आहे. तिथल्या सांडपाण्याचा भार आजचा, आणि अनुदानाचा हिशेब पंधरा वर्षांपूर्वीचा. पुढची जनगणना 2027 मध्ये व्हायची आहे. तिचे आकडे हाती येताच पाच वर्षांचा कालखंड संपण्याची वाट न पाहता या कडेच्या संस्थांचे वाटप नव्याने करण्याची तरतूद राज्याने आपल्या वित्त आयोगामार्फत आताच करून ठेवावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

नमस्कार.