फी जूनमध्ये भरायची असते

श्रोतेहो, नमस्कार. शाळेची फी भरून झाली, वह्यांना कव्हरं घालून झाली, आणि आता घराघरांत दुसरा हिशोब सुरू झाला असेल. मुलाचा तबला, मुलीचं स्केटिंग, धाकट्याचा चित्रकलेचा क्लास. यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं?

या फीचा थोडा भार सरकारनं करातून उचलावा, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं. कर सल्लागार म्हणून मला हा प्रश्न दर मार्चमध्ये विचारतात. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्यांना आयकर कायद्याच्या कलम ८० सी खाली दोन मुलांच्या शाळा-कॉलेजच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळत आली, तीही विमा, पीएफ सगळं धरून दीड लाखापर्यंत. तबल्याचा क्लास त्यात बसत नाही. मल्लखांब बसत नाही. नव्या पद्धतीत तर ती वजावटच नाही.

गेल्या गुरुपौर्णिमेची गोष्ट सांगतो. आपल्या बडोद्यात दांडिया बाजाराजवळ एका जुन्या वाड्याच्या माडीवर तबल्याचा क्लास भरतो. पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझी नणंद टोरंटोला असते. मुलाच्या हॉकीची पावती लावली की तिला करात सूट मिळायची. आपल्याकडे का नाही?"

त्यांचं खरं होतं. कॅनडात २००७ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांच्या खेळाच्या ५०० डॉलरपर्यंतच्या फीवर १५ टक्के, म्हणजे सुरुवातीला जास्तीत जास्त ७५ डॉलर, थेट करातून कमी होत. २०११ पासून गाणं, नाच, चित्रकला यांनाही तशी सवलत मिळाली. मी हे सांगत होतो तेवढ्यात दाराशी बसलेल्या एक ताई बोलल्या. त्या चार घरी पोळ्या करतात, त्यांची मुलगी याच क्लासची.

"दादा, मी करच भरत नाही. मग माझा काय कमी होणार?"

काहीच नाही, हेच खरं उत्तर होतं, आणि मी ते दिलं. त्या म्हणाल्या, "मला नंतर परत मिळून उपयोग नाही. मला जूनमध्ये पाहिजेत. बूट, दप्तर, वह्या, सगळं जूनमध्येच येतं. म्हणून हिला मी तेव्हा घरी बसवते आणि दिवाळीनंतर पुन्हा पाठवते." गुरुजी फी सोडायला तयार होते, पण ताईंना ते मान्य नव्हतं. माडीचं भाडं गुरुजींनाही चुकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग ती मुलगी वाजवायला बसली. क्लास बंद असला तरी गुरुपौर्णिमेला आली होती. ज्यांच्याकडे ताई पोळ्या करतात त्या डॉक्टरांच्या मुलानं पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, धरला. (लेहरा माणसानंच धरावा. हल्ली मोबाइलवर लावतात, त्यात वाजवणाऱ्याकडे बघून कुणी मान हलवत नाही, आणि मुलांना ती मान फार हवी असते.) तीनताल, ठेका स्वच्छ, सम नेमकी. तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, दुप्पट लयीत गेला आणि त्यातला तिरकिट हा बोल फुटायला लागला. गुरुजी मला हळूच म्हणाले, "हात चांगला आहे हो. पण दर दिवाळीला मी तिचं तिरकिट पहिल्यापासून बसवतो."

करसवलत आली असती, तर ती पेटीवरच्या मुलाच्या घरी गेली असती. तबल्यावरच्या मुलीच्या घरी नाही.

कॅनडातही हेच दिसलं. संशोधकांनी पाहिलं तेव्हा कमी उत्पन्नाच्या पालकांना ही सवलत कमी माहीत होती आणि ते ती कमी घेत होते. कर न भरणाऱ्यालाही पैसे मिळावेत अशी सोय खेळाच्या सवलतीत २०१५ मध्ये झाली, आणि २०१७ पासून दोन्ही सवलती बंदच झाल्या. शिवाय मुद्दा जूनचा आहे. फी जूनमध्ये भरायची असते, आणि रिटर्न भरून परतावा येईपर्यंत वर्ष उलटतं.

आइसलंडच्या रेक्याविक शहरानं वेगळी वाट धरली. तिथली नगरपालिका प्रत्येक मुलामागे ठराविक रक्कम ठेवते आणि ती क्लासच्या फीतून परस्पर वळती होते. आपल्या बडोद्याला यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संगीतज्ञ मौलाबक्षांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा उघडली, ती आज विद्यापीठात आहे. गाणं शिकवणं हे राज्याचं काम आहे, असं या शहरात तेव्हाच ठरलं होतं.

तेव्हा मागणी करायची तर अशी करा: फीचं कूपन, कर भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला सारखंच, थेट क्लासला मिळणारं, आणि जूनमध्ये. हो, जूनमध्ये. महापालिकेचं पुढचं अंदाजपत्रक होण्याआधी आपल्या नगरसेवकांना हे लिहून द्या. एकट्यानं नको, क्लासच्या सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन द्या, आणि घरकाम करणाऱ्या पालकांची सही सगळ्यात वर घ्या. नमस्कार.