आधी गाडीचं गणगोत बघा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुनी स्पोर्ट्स कार : खरेदी आणि सांभाळ'. खरेदीवर मी येणार आहे, कागदपत्रांवरही येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. बरीच वर्षं मी ती भेटेल त्याला सांगत आलोय, आणि आज तर एवढी माणसं आयती समोर बसली आहेत.

नाशिकमध्ये राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर तिचं रूप नंतर बघा, आधी गणगोत बघा. सोयरीक जुळवताना घरातली वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "यांचं आपल्याकडे कोण?" तोच प्रश्न गाडीला विचारा. तिचं सख्खं-चुलत कुणी भारतात बनलं होतं का? बनलं असेल, तर त्या घराण्याच्या इंजिनात आयुष्य घातलेला मिस्त्री पंचवटीत नाहीतर द्वारका चौकाच्या आसपास आजही सापडेल. नसेल, तर एका रबरी सीलसाठी गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी राहील.

उदाहरण एमजीबीचं घेतो, कारण ती माझ्याकडे आहे. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली, पाच लाखांहून जास्त. १७९८ सीसीचं इंजिन, त्याच्या कुशीला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग. बॉनेट उघडलं की लोक म्हणतात, "बापरे, विलायती काम!" आणि हात मागे घेतात. अहो, हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. त्याच बी-सिरीजचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये कितीतरी वर्षं होतं! कलेक्टरसाहेबांच्या गाडीत, आमदारांच्या गाडीत, स्टँडवरच्या टॅक्सीत. सगळे पार्ट एकमेकांना बसतात असं मी म्हणत नाही, क्रँकशाफ्ट वेगळा आहे. पण घडण तीच, आणि नटांना लागतात तेही इंची पानेच. ट्रायम्फ स्पिटफायरचंही तसंच आहे. तिची चेसिस ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीच्या चेसिसवरून आखूड करून घेतली, दोन्हींचं रूप मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटलं, आणि हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनत होती. तिथल्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये बसून शाळेत गेलेले काही जण इथेही असतील. बघा, हात वर होताहेत!

आता घाटातली हकीकत. ही लांबेल, पण ऐका.

गाडी एका मोठ्या शहरातल्या चकाचक वर्कशॉपमधून ट्यूनिंग करून आणत होतो. नाव घेत नाही. बिल भरपूर, वर कागदी पायपुसणी आणि वास मारणारं पॉलिश. कसाऱ्यापर्यंत ठीक. घाट लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी शिंकायची. फट्, फट्. मागे ट्रकांची रांग, समोर धुकं. कशीबशी इगतपुरी गाठली, तिथून हळूहळू घोटी. घोटीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आणि बाकड्यावर एक वयस्कर चाचा चहा पीत बसलेले. त्यांनी आयुष्यात एमजीबी पाहिली नव्हती. बॉनेट उघडलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ही तर आपली ॲम्बेसेडर! फक्त कार्बोरेटर दोन दिलेत."

मग त्यांनी काय केलं ते नीट सांगतो. एसयू कार्बोरेटरच्या डोक्यावर घुमटासारखा भाग असतो, त्याला वर हाताने फिरवायचं टोपण असतं. टोपण उघडलं की त्याला जोडलेली बारीक दांडी बाहेर येते. तिने आतल्या तेलात बुडालेलं असायला हवं. हे तेल आतल्या पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे पेडल दाबल्याक्षणी पेट्रोल थोडं जास्त मिळतं. पहिली दांडी तेलाने चकचकत बाहेर आली. दुसरी निघाली कोरडी ठाक. आत थेंब नाही! एवढं बिल लावणाऱ्यांनी एक टोपण उघडून पाहिलं नव्हतं. चाचांनी पळीभर इंजिन ऑइल ओतलं. मग रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हींकडून हवेचा 'स्स' सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. ना कॉम्प्युटर, ना मीटर. घोटीहून नाशिकपर्यंत गाडी अशी आली की काय सांगू.

माझं म्हणणं आहे ते हेच. आपल्या शहरात हे हात आहेत. सातपूर-अंबडमध्ये लेथवर पितळेचा बुश नमुन्यावरून कातून देणारे आहेत, ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आहेत. त्यांच्याकडे आज पोरं शिकायला नाहीत. गाडी घेणाऱ्याने कामाच्या दिवशी एखादा होतकरू मुलगा शेजारी उभा करावा, त्याची मजुरी स्वतः द्यावी. मी देतो.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता पळवतो.

खरेदी. इंजिनावर भाळू नका, पत्रा बघा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, दाराखालचे पोकळ सिल भार पेलतात. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी आहे. मग गाडी जॅकवर घ्या आणि दार उघडझाक करा. दार अडकलं तर सिल गेलेत, किंमत विसरा. समुद्राकाठच्या गाडीपेक्षा आपल्या कोरड्या हवेतली गाडी बरी.

कागदपत्रं. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अंकनअंक जुळवा. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. जुना नंबर चालू असेल तर तोच ठेवा आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण वेळेवर करा.

पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवा, पंपाचा पडदा तपासा. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, तेव्हा एसयूच्या खालचा जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा नट किंचित खाली घ्या. पावसाळ्यात गाडी उभी करायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या १९६७पूर्वीच्या गाड्यांबद्दल बोलायचं राहिलं. तशी गाडी असेल तर बॅटरी बदलणाऱ्याच्या शेजारी उभे राहा आणि मोबाइलचा चार्जर तिला लावू नका. बाकीचं प्रश्नोत्तरांत घेऊ.