ओळ लिहू का?

नमस्कार श्रोतेहो.

व्यंगचित्र ही बघायची गोष्ट आणि मी बोलतोय रेडिओवर. तेव्हा क्षणभर डोळे मिटा. एक कौलारू छप्पर. त्यावर आजोबा, सून, दोन पोरं आणि एक कोंबडी. चहूकडं कृष्णेचं पाणी. समोरून होडी येतेय, काठोकाठ भरलेली. तिच्यात धान्य नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत. आहेत ते पुढाऱ्याचे फोटो, ढिगानं. छपरावरची कोंबडीसुद्धा होडीकडं पाठ करून बसलीय.

२०१९च्या महापुरानंतर हे चित्र आमच्या गल्लीतल्या आठवीच्या मुलीनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढलं. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मदतीच्या पिशव्यांवर चिकटवलेले फोटो तिनं स्वतः बघितले होते. त्यावर आम्ही मोठी माणसं कट्ट्यावर तासन्‌तास बोललो. तिनं कोंबडीची पाठ काढली, झालं.

आर. के. लक्ष्मण यांचा चौकडीच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस आठवा. १९५१पासून तो कितीतरी दशकं वर्तमानपत्रात उभा राहिला आणि कधी बोलला नाही. मंत्री बोलायचे, अधिकारी बोलायचे. हा नुसता बघायचा. त्याच्या चष्म्यातून आपणही बघायला लागायचो.

शि. द. फडणीसांनी तर चित्रातले शब्दच काढून टाकले. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण तसलं चित्र दिसलं की ती त्यावर बोट ठेवून खुदकन हसायची आणि मग आम्हाला समजावून सांगायची. अग्रलेख तिच्यापर्यंत कधी पोचला नाही, चित्र पोचलं.

मात्र जाड बायको, अडाणी खेडूत, दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई, असल्या चित्रांना मी सामाजिक व्यंगचित्र म्हणत नाही. जो आधीच खाली पडलाय त्याला आणखी एक लाथ, एवढंच त्यात असतं.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. परवा तिनं नवं चित्र दाखवलं. उसाचा फड, शेजारी शाळा. तोडकऱ्याची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या खिडकीतून आत बघतेय. भावाच्या हातात खुळखुळा म्हणून पाटी.

“खाली ओळ लिहू का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “नको.”